राइल सर, ‘रागात आणि रिक्षात’बद्दल आभार

तत्त्वज्ञ प्रा. गिल्बर्ट राइल (ऑक्सफर्ड) यांस,
सादर नमस्कार.

1976 साली तुम्ही गेलात, त्यामुळे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही. तरी मनाचं तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या आम्हा मंडळींचं तुमच्यावाचून पान हलत नाही, हे चारचौघांत सांगायला हवं.

सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्या मते मन म्हणजे शरीराहून वेगळी, न दिसणारी वस्तू. ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये (1949) तुम्ही तिला ‘यंत्रातलं भूत’ म्हणालात, आणि ते भूत दिसायला का लागतं हेही दाखवलंत. तुमचंच उदाहरण: क्रिकेट पहिल्यांदाच पाहणाऱ्याला गोलंदाज, फलंदाज, क्षेत्ररक्षक, पंच, सगळे दिसतात. मग तो विचारतो, संघभावनेचं काम कोणाकडे आहे? चूक त्याच्या नजरेत नाही, वर्गवारीत आहे: संघभावना हे आणखी एक काम नव्हे, ती कामं करायची रीत आहे. मनाचंही तसंच.

ही चूक पकडायची तुमची रीत फार सोपी. शंकास्पद जोडी एकाच वाक्यात ‘आणि’ने बांधायची. तुमच्या उदाहरणातली बाई अश्रूंच्या पुरात आणि मेण्यात बसून घरी येते. आम्ही वर्गात ‘तो रागात आणि रिक्षात आला’ असं सांगतो. हसू आलं की समजावं, दोन शब्दांची जात एक नाही. मुलं घसरतात ती याच्या पुढच्या पायरीवर: दोहोंपैकी एक खोटं, म्हणजे राइलच्या मते मन नाहीच! अहो, राग खरा आणि रिक्षाही खरी. ‘आहे’ हे क्रियापद दोन्हीकडे एकाच अर्थानं लागत नाही, एवढंच तुमचं म्हणणं. शिवाय हसू ही नुसती घंटा. जोडी बांधल्यामुळे कोणता खुळा प्रश्न उभा राहतो, ते दाखवल्याखेरीज काम पुरं होत नाही.

शिकवताना आम्हाला दुसरा आधार तुमच्या 1945च्या व्याख्यानाचा. बुद्धिबळातली चाल हुशारीची ठरायला आधी मनात नियम घोळवावा लागत असेल, तर ते घोळवणंही हुशारीनंच व्हायला हवं. मग त्याच्याआधी आणखी एक घोळवणं, आणि ही साखळी संपतच नाही. म्हणून कसं करायचं हे येणं म्हणजे नियम पाठ असणं नव्हे. 2001मध्ये जेसन स्टॅन्ली आणि टिमथी विल्यमसन या तत्त्वज्ञांनी यावर जोरदार हल्ला चढवला. वाद अजून मिटलेला नाही, आणि आमच्या तासाला त्याचा फायदाच होतो.

बाहेरून काहीच न करता गप्प बसून विचार करणाऱ्या माणसाचं काय, हा प्रश्न तुमच्या पुस्तकाची लंगडी बाजू. ती झाकून न ठेवता तुम्ही उतारवयात पुन्हा पुन्हा त्याच्याकडे वळलात, म्हणून विशेष आभार. त्याच लेखनातलं, पापणी फडफडणं आणि डोळा मारणं यांतल्या फरकाचं उदाहरण पुढे क्लिफर्ड गीर्ट्झनी थेट मानववंशशास्त्रात नेलं.

आणि हो, ऑक्सफर्डची तत्त्वज्ञानातली दोन वर्षांची बी.फिल. ही पदव्युत्तर पदवी. 1946मध्ये ती सुरू करण्यात तुमचा मोठा वाटा होता. तिथून तयार झालेले शिक्षक देशोदेशी गेले, त्याबद्दलही.

आपले,
मनाचं तत्त्वज्ञान शिकवणारे काही जण