काकाजी, निस्तार पत्रक वाचायला शिकवलंत

आदरणीय काकाजी,
सादर प्रणाम.

माझा प्रबंध विद्यापीठात सादर झाला. आभाराच्या पानावर तुमचा उल्लेख आहेच, पण एका ओळीत तुमची बोळवण करणं मला पटेना, म्हणून हे जाहीर पत्र. नाव छापू नको म्हणालात, ते पाळते. आमच्या भागाचे निवृत्त तलाठी एवढीच ओळख पुरे. पुढचं बरंचसं तुम्हाला पाठ आहे, पण पत्र इतरही वाचणार आहेत, म्हणून ते सविस्तर लिहिते.

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या, पाणलोटात जमीन कशी वापरली जाते आणि त्यातून तलावाच्या परिसंस्थेचं काय होतं, हा माझा विषय. गोंडराजांच्या काळात कोहळी या शेतकरी समाजानं बांधलेल्या तलावांच्या परंपरेतला हा तलाव. कामाची सुरुवात रीतसर उपग्रहाच्या चित्रांवरून झाली. लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद तुकडा. तलावाच्या वरच्या अंगाचा अख्खा उतार त्यात एकाच रंगाचा दिसतो : झुडपं आणि पडीक.

तो नकाशा तुमच्यापुढे ठेवला तेव्हा तुम्ही आत जाऊन जुनी वही आणलीत. नोकरीत असताना स्वतःच्या हातानं उतरवून ठेवलेलं निस्तार पत्रक, म्हणजे गावातली कुठली जमीन गावकऱ्यांनी कशासाठी वापरायची याची सरकारी नोंद, निळ्या शाईत, खसरा (जमिनीच्या तुकड्यांच्या) नंबरांसकट. "पोरी, सातबारा मंग पाह्यजो, आधी हे वाच," म्हणालात. माझ्या त्या एकरंगी उतारावर वहीत गुरेचराई होती, जळाऊ लाकूड होतं, छपराचं गवत, गुरं जमवायचा आखर, मळणीची खळवाडी, स्मशान, ढोरफोडी, मुरमाची खदान, सगळं वेगवेगळं. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची मालकी, १९५०च्या कायद्यानं गेली, पण गावाचे हे हक्क कागदावर राहिले आणि पुढे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६च्या कलम १६१मध्येही आले. पर्यावरणशास्त्राच्या वर्गात या कागदाचं नावही कधी निघालं नव्हतं. माझ्या मते जमीन वापराच्या प्रत्येक अभ्यासक्रमात तो हवा.

ढोरफोडीच्या तुकड्यावर तुम्ही मला मुद्दाम घेऊन गेलात. मेलेलं जनावर तिथं टाकायचं, कातडं निघायचं आणि उरलेलं गिधाडं साफ करायची, हे तुम्ही नुसतं सांगितलं नाही, गिधाडं कुठल्या अर्जुनाच्या झाडावर बसायची तेही दाखवलंत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकानं देशभरातली गिधाडं संपत आली आणि २००६मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, हे मी पुस्तकातून शिकले होते. पण परिसंस्थेतल्या त्या कामासाठी गावानं जागा राखून ठेवली होती, तिला नंबर दिला होता, हे त्या दुपारी कळलं. आज तिथं मोकाट कुत्री फिरतात आणि पावसात तिथलं सगळं वाहून तलावात उतरतं. माझ्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण या एका तुकड्यातून उभं राहिलं.

तलावाकडे पाळीवरून, म्हणजे बांधावरून, बघू नये, येव्याकडून, म्हणजे पाणी आत येतं त्या बाजूनं, बघावं, हाही तुमचाच आग्रह. वरच्या झुडपी जंगलात, म्हणजे महसुली नोंदीतल्या झुडपांच्या जमिनीत, माती जेमतेम वीतभर, खाली मुरूम. गवत आणि झुडपं आहेत तोवर पाणी थांबत, मुरत खाली येतं. मुरूम उकरला किंवा उतार नांगरला की पहिल्याच मोठ्या पावसात गाळ येतो आणि तो येव्याच्या तोंडाशीच बसतो. तिथं तलाव उथळ होतो, बेशरम ही बाहेरून आलेली वनस्पती माजते, पाण्यातल्या देशी वनस्पती दबतात. देशी मासे अंडी घालायला याच उथळ काठाला येतात, काही बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांमध्येही चढतात. मासेमारी करणाऱ्या ढीवरांच्या बायकांनी हे मला हाताने चिखल उपसून दाखवलं, आणि त्यांच्याशी ओळखही तुम्हीच करून दिलीत. म्हणून गाळ काढताना सगळा तलाव सरसकट सारखा खोल खोदू नये, काठाचा उतार राखावा, अशी शिफारस मी केली आहे. जेसीबीवाल्यांना ती आवडणार नाही, तरी ती मागे घेणार नाही.

वरचं जंगल महसूलच्या नोंदीत, तलाव सिंचनाकडे, मासेमारी संस्थेकडे. तीन फायली एका टेबलावर येत नाहीत. २२ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं विदर्भातल्या सहा जिल्ह्यांचं झुडपी जंगल वनजमीन मानलं. त्या बातमीनं मला बरं वाटलं आणि काळजीही वाटली. संरक्षण मिळेल, पण चराई आणि सरपणाचे निस्तार हक्क पुसले गेले तर त्या उताराची राखण करणारं गावच बाजूला पडेल. आता तर तुमच्या वहीतल्या नोंदींचं मोल आणखी वाढलं आहे.

एका कार्यालयात जुन्या नकाशासाठी मी खेटे घालत होते. तेव्हा तुम्ही गुडघे दुखत असतानाही बस धरून सोबत आलात, अर्ज कोणत्या शब्दांत लिहायचा ते सांगितलंत, चहाचे पैसेसुद्धा देऊ दिले नाहीत. काकूंनी प्रत्येक वेळी जेवूनच पाठवलं. माझ्या बाबांनी ज्या कामाला "नुसतं तलावाभोवती फिरणं" म्हटलं होतं, त्याची बाजू तुम्ही त्यांच्यापुढे मांडलीत. त्यानंतर माझं शिक्षण थांबवायचा विषय घरात निघाला नाही. हे ऋण मी कायम मानते.

वहीतल्या सगळ्या नोंदी, प्रत्येक खसऱ्याचा आजचा वापर आणि नकाशा असं परिशिष्ट करून त्याची प्रत ग्रामपंचायतीत दिली आहे. येत्या ग्रामसभेत त्यावर चर्चा ठेवायचं सरपंचबाईंनी कबूल केलं आहे. खळवाडीच्या दोन तुकड्यांच्या हद्दीबद्दल मला अजून खात्री नाही, तेवढ्या सभेच्या आधी तपासून द्याल का? पुढच्या रविवारी वही घेऊन येते.

तुमची,
तलावाच्या पोरींपैकी एक