त्रास ‘केमो’चा नव्हे, औषधाचा

महोदय,

कर्करोगाच्या औषधांवरील लेखांत एक यादी हटकून छापली जाते : केस गळणे, मळमळ, तोंड येणे, जुलाब, थकवा. यादी खोटी नाही. पण ‘केमो’ नावाचे एकच औषध असते, असा समज तिच्यामुळे पसरतो. मग एका रुग्णाला लागू पडलेली गोळी शेजारच्या खाटेवरचाही घेऊन मोकळा होतो.

जुलाबांचेच पाहा. इरिनोटेकन हे केमोचे औषध सलाइनमधून चालू असताना किंवा पहिल्या 24 तासांत पोटात कळ येऊन जुलाब झाले, जोडीला घाम फुटला, लाळ सुटली, डोळे वाहू लागले, तर तो औषधाने मज्जातंतूंना चेतवल्याचा परिणाम; त्यावर अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन. त्याच औषधाचे जुलाब 24 तास उलटल्यावर लागले तर कारण निराळे. पित्तावाटे आतड्यात उतरलेले औषध तिथल्या जिवाणूंमुळे पुन्हा सक्रिय होते आणि आतड्याचे अस्तर सोलवटते. इथे लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी चालते, तेही नेहमीच्या बेताने नव्हे : पहिल्या पातळ शौचानंतर लगेच 4 मिलिग्रॅम, मग दर दोन तासांनी 2 मिलिग्रॅम, जुलाब थांबून 12 तास होईपर्यंत, पण 48 तासांपलीकडे नाही. हे प्रमाण पाकिटावरच्या मर्यादेहून जास्त असल्याने डॉक्टरांनी लेखी दिले असेल तरच घ्यावे.

पेम्ब्रोलिझुमॅब किंवा निवोलुमॅब चालू असेल तर हे सगळे बाजूला ठेवा. ही केमोथेरपी नव्हेच. प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करणारी ही औषधे. मोकळ्या सुटलेल्या पेशी कधी आपल्याच आतड्यावर चालून जातात, डोसनंतर काही महिन्यांनी, कधी उपचार संपल्यावरही. अशा वेळी लोपेरामाइडने शौचाच्या खेपा कमी होतात, आतली सूज मात्र वाढत राहते. दिवसाला नेहमीपेक्षा चार खेपा जास्त झाल्या किंवा रक्त पडले, तर त्याच दिवशी कळवायचे. उपचार बहुधा स्टेरॉइडचा. बरे वाटताच तो तोडायचा नसतो, चार-सहा आठवडे हळूहळू उतरवायचा असतो.

कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या घरीच घेतात. बहुतेकदा 14 दिवस गोळ्या, 7 दिवस सुट्टी. ‘कोर्स अर्धवट सोडू नका’ हा अँटिबायोटिकचा धडा इथे घात करतो. तळहात-तळपाय लाल होऊन चालताना दुखू लागले, जुलाब वाढले, तरी माणूस निष्ठेने गोळ्या गिळत राहतो. त्या थांबवून दवाखान्यात कळवायचे. मधल्या काळात राहिलेल्या गोळ्या नंतर भरून काढायच्या नसतात.

लाल लघवी दिसली की घरात घबराट उडते. डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाचा रंगच लाल. एक-दोन दिवस तो लघवीत उतरतो, त्यात धोका नाही. मात्र त्याच्याच बरोबर अनेकदा सायक्लोफॉस्फमाइड दिलेले असते, आणि ते मूत्राशयातून रक्तस्राव घडवू शकते. लाली दोन दिवसांनंतरही टिकली, जळजळ झाली, रक्ताच्या गाठी पडल्या, तर रंगाला दोष देत बसू नये.

आणि ताप. केमोथेरपीच्या अनेक औषधांनंतर साधारण 7 ते 14 दिवसांच्या सुमारास जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, रक्तात तळ गाठतात. पू आणि सूज तयार करायलाही याच पेशी लागतात. त्या नसल्या की जंतुसंसर्गाची खूण म्हणून बहुधा एकटा ताप उरतो. पॅरासिटामॉल तीच खूण पुसते. म्हणून आधी थर्मामीटर, गोळी नंतर, आणि तीही विचारून. पारा 100.4 फॅरनहाइटवर गेला तर रात्र असली तरी निघायचे. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे. उलटी होऊ नये म्हणून दिलेले डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ताप दाबू शकते, त्यामुळे अंगात थंडी भरून आली तर पारा चढण्याचीही वाट पाहू नये.

तेव्हा आरोग्य पानावर प्रत्येक त्रासापुढे औषधाचे नाव आणि तो कितव्या दिवशी होतो, एवढे छापावे. रुग्णाच्या घरच्यांनीही फोनवर ‘केमो चालू आहे’ एवढेच सांगून भागत नाही. औषधाचे नाव, शेवटच्या डोसची तारीख, ताप किती आणि कधी मोजला, 24 तासांत शौचाला किती वेळा, आणि फोन करण्यापूर्वी घेतलेली प्रत्येक गोळी, हे एका कागदावर लिहून मग नंबर फिरवावा.

आपले,
कर्करोग विभागातील दोन फार्मासिस्ट