सूचना : नव्या लेखांची शीर्षके

मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्या सर्व सदस्यांसाठी.

लेख जतन करण्यापूर्वी शीर्षक एकदा शोधपेटीत टाकून पाहा. नुसते 'कर्जत' चालणार नाही, एक रायगड जिल्ह्यात आहे, दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यात. खेडचेही तेच, रत्नागिरीत आणि पुण्यातही. नद्यांची तर गंमतच आहे. पुण्यात मुठेला मिळणारी मुळा वेगळी आणि राहुरीजवळ धरण बांधलेली मुळा वेगळी. पूर्णा एक तापीला मिळते, एक गोदावरीला. अशा वेळी कंसात जिल्हा किंवा मुख्य नदीचे नाव द्यावे.

व्यक्तींच्या नावामागे 'श्री', 'डॉ.', 'आदरणीय' लावू नये. आदर असला तरी तो शीर्षकात नको. 'टिळक, बाळ गंगाधर' अशी आडनावापासून सुरुवात मराठी विश्वकोशात शोभते, आपल्याकडे सरळ नाव लिहावे. 'लोकमान्य टिळक' असे शोधणारेच जास्त, म्हणून तिथून पुनर्निर्देशन, म्हणजे ते नाव शोधणाऱ्याला आपोआप मूळ लेखावर नेणारी सोय, हवेच.

टंकलेखनाचे एक दुखणे : 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी अक्षरे वाटतात. 'सुऱ्या', 'दऱ्या' अशा शीर्षकांत हे हमखास नडते आणि एकाच विषयावर दोन लेख उभे राहतात.

'संपूर्ण माहिती', 'एक महान व्यक्तिमत्त्व' असली शेपटे दिसताच काढली जातील. शीर्षक चुकले तर मजकूर नव्या पानावर चिकटवू नका, 'स्थानांतरण' ही लेखाचे शीर्षक बदलण्याची सोय वापरा. लेखाचा इतिहास सोबत जातो. वाद असेल तर आधी चर्चापानावर लिहा.