पहिला प्रश्न तुम्ही सिस्टरना विचारलात

आदरणीय मॅडम,

तुम्ही परीक्षक होतात त्या माझ्या पीएच.डी.च्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, दोन महिने झाले. हे पत्र तेव्हाच लिहायला हवं होतं, पण लिहायला बसलं की घसा दाटून यायचा. आजही तेच होतंय, तरी लिहिते.

त्या दिवशी धडगाव तालुक्यातल्या उपकेंद्राच्या सिस्टर रात्रभर एस.टी.नं प्रवास करून आल्या होत्या. लस राहिलेल्या बाळांची यादी उपकेंद्राला परत देणाऱ्या प्रणालीवरचा माझा प्रबंध त्यांच्या रजिस्टरांवरच उभा आहे, म्हणून मी बोलावलं होतं. दाराजवळच्या शेवटच्या रांगेत, पिशवी मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या. माझं सादरीकरण संपलं आणि तुम्ही मागे बघितलंत. 'सिस्टर, पुढे येता का?' म्हणालात, शेजारची खुर्ची स्वतः ओढून दिलीत आणि पहिला प्रश्न त्यांना विचारलात: 'ही यादी मिळायला लागल्यापासून तुमच्या कामात काय बदललं?'

सिस्टर आधी बावरल्या. मग म्हणाल्या, 'पूर्वी लसीकरणाच्या आदल्या रात्री चार रजिस्टरं चाळून नावं काढायचे. तरी एखादं बाळ सुटायचंच. आता कुठल्या पाड्यावर कुणाचा पेंटा लसीचा तिसरा डोस राहिलाय, ते आशाताईला आधीच सांगता येतं.'

तुम्ही ते वाक्य वहीत उतरवून घेतलंत. पाच वर्षांत माझ्या कामातलं काही कुणी असं लिहून घेताना मी पहिल्यांदा पाहिलं.

कारण त्याआधीची पाच वर्षं मला दर सहा महिन्यांनी एकच विचारलं गेलं: पेपर किती, कुठल्या जर्नलमध्ये? 'ही समाजसेवा झाली, माहिती प्रणालीचं संशोधन नव्हे,' असं एका ज्येष्ठांनी भर बैठकीत सुनावलं होतं. उपकेंद्रातून वर जाणारी माहिती परत खाली येतच नाही, हा माझा मुख्य मुद्दा. त्यावर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. पुरस्काराच्या अर्जातही पेपरांचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला याचा रकाना होता, प्रणाली कोण वापरतं याचा नव्हता.

मी दरवेळी दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण द्यायचे. वर्णभेदाच्या राजवटीत तिथली आरोग्यसेवा वंशावार तुकड्यांत वाटलेली होती. 1994 नंतर नॉर्वेतल्या ऑस्लो विद्यापीठातले आणि दक्षिण आफ्रिकेतले संशोधक दवाखान्यांत काम करणाऱ्यांसोबत बसले आणि नेमकी कोणती थोडकी माहिती खरंच लागते, ते ठरवलं. त्या कामातून पुढे डीएचआयएस-2 ही आरोग्याची माहिती गोळा करून वापरायची संगणक प्रणाली घडली. 2000 मध्ये हे काम आंध्रातल्या कुप्पममध्ये आलं, 2006 मध्ये केरळात डीएचआयएस-2 पहिल्यांदा वापरात आली आणि आज ही मोफत प्रणाली सत्तरहून जास्त देशांत चालते. ब्रिटनमध्ये तर 2014 पासून विद्यापीठांच्या मूल्यमापनात समाजावरच्या परिणामाला वेगळे गुण आहेत. आधी 20 टक्के, 2021 मध्ये 25. हे सगळं सांगून झालं की उत्तर यायचं, 'ते ठीक आहे, पण पेपर?'

पेपर नकोत असं मी कधीच म्हटलं नाही. तुम्हीही मला सोडलं नाहीत. नमुना निवडीवर घेतलेला तुमचा आक्षेप अगदी रास्त होता आणि ते प्रकरण मी पुन्हा लिहिलं. पण कष्ट ज्याचे, त्याला आधी विचारायचं, हा साधा सभ्यपणा मोठ्या पदांवरची किती माणसं विसरतात! माझ्या आजीच्या घरी बाहेरून कुणीही आलं की आधी पाट मांडला जायचा, विचारपूस मग. तुम्ही खुर्ची ओढलीत तेव्हा मला तो पाट आठवला.

परतीच्या एस.टी.त बसताना सिस्टर म्हणाल्या, 'पंचवीस वर्षं आकडे भरले. ते भरून काय होतं, हे आज पहिल्यांदा कुणी विचारलं.'

त्यांनी तुमच्यासाठी घरच्या आमचुराची पुडी दिली आहे. वेगळ्या पाकिटातून पाठवते आहे. त्यांनी निरोपही दिलाय, पावसाळा सरला की उपकेंद्रावर या, रस्ता तेव्हाच बरा असतो.

तुमची,
एक विद्यार्थिनी