रविवारची अभ्यासबैठक: गेट ड्युटीवरून कॉम्प्युटर सिक्युरिटीकडे

सर्व सदस्यांना नमस्कार. कॉम्पटिया या संस्थेच्या सिक्युरिटी प्लस या कॉम्प्युटर सिक्युरिटीच्या पायाभूत परीक्षेची तयारी करणाऱ्यांची बैठक येत्या रविवारी सकाळी ११ वाजता, वाशीला नेहमीच्या जागी आहे. नाइट करून येणाऱ्यांनी थेट या, नाश्त्याची सोय आहे.

महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरवर ड्युटी करणाऱ्यांनी तर चुकवूच नका. कार्ड दाखवून आत शिरणाऱ्याच्या पाठोपाठ कोणी बॅग सावरत घुसला, की आपण "साहेब, कार्ड?" म्हणून हात आडवा करतो. असं पाठोपाठ घुसण्यालाच पुस्तकात टेलगेटिंग म्हणतात. कॅमेरे, बॅज, गाडी अडवणारे खांब, हे सगळं अभ्यासक्रमात आहे. तेवढं तुम्ही रोज करता, त्याची भीती नको. अडतं ते नेटवर्किंगला. म्हणून या वेळी फक्त आयपी ॲड्रेस, पोर्ट आणि फायरवॉल घेऊ, सावकाश.

परीक्षा ९० मिनिटांची, जास्तीत जास्त ९० प्रश्न. १०० ते ९०० च्या मोजपट्टीवर ७५० लागतात. अनुभवाची सक्ती नाही. सीआयएसएसपी या वरच्या पातळीच्या सर्टिफिकेटला मात्र आठपैकी किमान दोन विषयांतला मिळून पाच वर्षांचा अनुभव मागतात, नुसत्या गेट ड्युटीवर तो भरत नाही. आधी पाया पक्का करा. "पास गॅरंटी" म्हणणाऱ्या क्लासला कृपया पैसे देऊ नका, घामाचे आहेत ते.

वही आणा. साइटचे फोटो किंवा रजिस्टरची पानं अजिबात आणू नका, ती क्लायंटची आहेत. पेपर मराठीत नसतो, इंग्रजीची अडचण असेल तर आधीच सांगा, जोडीला कोणीतरी बसेल. नाव शुक्रवारपर्यंत कळवा.