नव्या सभासदाला टायपिंग सेंटरपर्यंत पोहोचवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातील मराठी उद्योजकांच्या मंडळांत नव्या सभासदांचे स्वागत झाल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. सोबतच्या छायाचित्रात शाल, पुष्पगुच्छ, मागे मंडळाचा फलक आणि ओळीने उभे असलेले दहा-बारा हसरे चेहरे असतात. २००९ साली दुबईत अशाच एका छायाचित्रात मीही उभा होतो, म्हणून या स्वागताविषयी थोडे लिहावेसे वाटते.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचा गास्केट आणि पंपांच्या सुट्या भागांचा लहानसा कारखाना होता. त्याचा माल विकण्यासाठी मी दुबईला गेलो, तेव्हा मंदीमुळे तिथली अनेक बांधकामे थांबलेली होती, उधारी बुडत होती आणि चेक न वटल्यास थेट पोलिसांत तक्रार होत असे. मंडळाच्या मेळाव्यात माझी ओळख करून देण्यात आली, टाळ्या झाल्या, बटाटेवडे उत्तम होते, आणि परतताना माझ्या खिशात सतरा व्हिजिटिंग कार्डे होती. पुढच्या आठवड्यात त्यांतल्या नऊ जणांना मी फोन केले. सगळे अगत्याने बोलले, "एकदा निवांत भेटू या" असे सगळ्यांनीच म्हटले आणि भेट कोणाशीच झाली नाही. यामागे कोणाचा आकस नव्हता, हे मी स्वतः जुना सभासद झाल्यावर उमगले.

मला सावरले ते दुबईच्या देरा भागातल्या एका कच्छी व्यापाऱ्यांनी. बर दुबईच्या धक्क्यावरून एक दिरहॅम देऊन अब्रा नावाच्या होडीतून खाडी ओलांडली आणि नमुन्यांची पिशवी घेऊन त्यांच्या दुकानात शिरलो. पिशवीकडे न बघता त्यांनी विचारले, "कोना दीकरा?" म्हणजे कोणाचा मुलगा? बडोद्याचा आहे, वडिलांचा कारखाना मकरपुऱ्यात आहे, असे मी गुजरातीत सांगितले, तेव्हा "बेसो" म्हणून त्यांनी स्टूल पुढे सरकवले. मग पहिला प्रश्न मालाचा नव्हता, चेकचा होता: आतापर्यंत किती चेक सही करून दिले, त्यांवर तारखा घातल्या का, झेरॉक्स ठेवल्या का? घरमालकाला वर्षाच्या भाड्याचे चार पुढच्या तारखांचे चेक दिले होते. झेरॉक्स एकाचीही नव्हती. त्यानंतर त्यांनी माझे ट्रेड लायसन्स मागून घेतले आणि त्यातल्या व्यवसायाच्या ओळीवर बोट ठेवले. तिथे रबरी वस्तूंचा उल्लेख होता आणि मी बिले फाडत होतो पंपांच्या भागांची. बँकेच्या हे ध्यानात आले की पैसे अडकतील, असे म्हणून त्यांनी दुकान मुलाकडे सोपवले, मला गल्लीतल्या टायपिंग सेंटरमध्ये, म्हणजे सरकारी अर्ज अरबीत भरून देणाऱ्या दुकानात, नेले आणि व्यवसाय वाढवून घेण्याचा अरबीतला अर्ज तयार होईपर्यंत दीड तास ते माझ्याशेजारी बसून राहिले. संध्याकाळी शेजारच्या तीन दुकानदारांशी त्यांनी माझी गाठ घालून दिली, तेव्हा माझ्यासमोरच त्यांना बजावले की ओळख माझी आहे, जामीन मी नाही.

मराठी मंडळाचा सभासद असलेल्या मला गुजराती येत होते म्हणून मदत मिळाली, याची गंमत आणि खंत दोन्ही आजही वाटतात. आमच्या बडोद्यातील मराठी घराणी बहुतेक गायकवाडी अमलात नोकरीच्या निमित्ताने आली, आणि समोरच्याला पैशाअडक्याचे विचारणे हा अशिष्टपणा, हा नोकरदार घरातला संस्कार धंद्यात पडल्यावरही सुटत नाही. व्यापारी मात्र एकमेकांच्या मागे समुद्रापार जातात, आणि त्यांच्या मागोमाग बँकही जाते. सयाजीरावांनी १९०८ मध्ये स्थापन केलेल्या बँक ऑफ बडोदाने परदेशातल्या पहिल्या शाखा १९५३ मध्ये उघडल्या त्या मोंबासा आणि कंपाला येथे, जिथे गुजराती व्यापाऱ्यांची वस्ती आधीपासून होती.

आता जुन्या सभासदांची बाजू. पुढे मी कार्यकारिणीवर गेलो, तेव्हा मीही नवख्यांना "एकदा भेटू या" हेच सांगू लागलो. कारण साधे होते. माझ्या शब्दावर एकाने साठ दिवसांच्या उधारीने माल उचलला आणि तो देश सोडून गेला. दुसरा दर मेळाव्यात साखळी योजनेचे अर्ज वाटत असे. एकदा असे तोंड पोळले की माणूस पुष्पगुच्छापुरता उरतो. म्हणूनच त्या कच्छी गृहस्थांची पद्धत मला मोलाची वाटते: ओळख करून द्यायची, ती कुठवर आहे हे दोन्ही पक्षांसमोर सांगायचे, आणि वेळ द्यायचा तो कागदपत्रांसाठी, उधारीसाठी नव्हे. यात कोणाचेही पैसे गुंतत नाहीत, एक सकाळ जाते एवढेच.

नवख्याला सोबत कोणी करावी, याबाबतीत मात्र मंडळांची रीत उलटी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला अध्यक्षांच्या किंवा तीस वर्षे तिथे काढलेल्या ज्येष्ठांच्या हवाली केले जाते, आणि ज्येष्ठ मंडळी आपल्या काळातल्या अडचणी सांगत बसतात. माझेच पाहा. माझ्या वेळी शहरात कंपनी काढायची तर ५१ टक्के भागीदारी स्थानिक नागरिकाची लागे. २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत ती अट उरलेली नाही. खात्यात शिल्लक नसल्याने चेक न वटणे हा २०२२ पासून बहुतांश प्रकरणांत फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, वसुली दिवाणी मार्गाने होते. उलट २०१८ मध्ये ५ टक्के व्हॅट आला आणि जून २०२३ पासून कंपन्यांच्या नफ्यावर ९ टक्के कर सुरू झाला. दोन्हीकडे ३,७५,००० दिरहॅम हाच आकडा येतो, पण व्हॅटच्या नोंदणीसाठी तो उलाढालीचा आहे आणि दुसरा कर त्या रकमेपलीकडच्या नफ्यावरच लागतो, शिवाय नफा त्याहून कमी असला तरी कंपनीची नोंदणी चुकत नाही. नवखा आज अडखळतो तो इथे, आणि यातले काहीही मी स्वतः निस्तरलेले नाही, कारण २०१७ सालीच मी गाशा गुंडाळून बडोद्याला परतलो. ज्याने गेल्या दोन-तीन वर्षांत लायसन्स काढले, बँकेत खाते उघडताना खेटे घातले आणि एखादा दंडही भरला, अशाच सभासदाकडे नव्या माणसाला सोपवायला हवे, मग तो वयाने आणि उलाढालीने कितीही लहान असो.

माझा भाचा दिवाळीनंतर याच धंद्यासाठी दुबईला निघाला आहे. स्वागत समारंभ त्याचाही होईल. त्या दिवशी कार्डे गोळा करत न फिरता सर्वांत अलीकडे आलेला सभासद कोण हे विचारून घे आणि "एकदा" ऐवजी वार नि वेळ ठरवूनच सभागृहाबाहेर पड, असे मी त्याला सांगितले आहे. देऱ्यातल्या त्या दुकानाचा पत्ताही लिहून दिला आहे. तिथे आता त्यांचा मुलगा बसतो.

आपला,
एक जुना वाचक
दांडिया बाजार, बडोदे