पडायला शिकवलंत, त्याबद्दल

ताई,

समोर बसून हे सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुम्ही "चहा टाकते" म्हणत उठलात. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय. पुण्यात एकांकिका करता करता कुठेतरी लागलं, आणि मग गुपचूप लाइट्सकडे नाहीतर कपडेपटाकडे वळली, अशी माझ्यासारखी आणखीही मुलं-मुली असणार. त्यांच्यापर्यंत हे पोचावं.

माझं मनगट मोडलं ते तालमीत. बेशुद्ध होऊन कोसळायचं होतं. "खरं पड, पडल्यासारखं करू नकोस," एवढीच सूचना मिळाली होती. खाली शहाबादी फरशी. मी पडले आणि पडताना कुणीही करेल तेच केलं, हात पुढे टाकला. सगळं वजन त्या एका तळहातावर आलं. सहा आठवडे प्लास्टर. हाड जुळलं, पण त्यानंतर दोन वर्षं कुठलीही संहिता हातात आली की मी आधी कंसातल्या हालचालींच्या सूचना वाचायचे. त्यात पळणं, ढकलणं, कोसळणं दिसलं की काहीतरी कारण सांगून नाही म्हणायचे. खरं कारण कुणालाच सांगितलं नव्हतं.

तुमच्याकडे आले ती मैत्रिणीने जवळजवळ ओढतच आणलं म्हणून. सदाशिव पेठेतल्या वाड्याची माडी, रविवारी सकाळचे सात, लाकडी जमिनीवर दोन सतरंज्या. पहिले दोन महिने तुम्ही पडण्याचं नावही काढलं नाहीत. नुसतं चालायला लावलंत. टाच, चवडा, बोटं. मग कोऱ्या चेहऱ्याचा तो मुखवटा दिलात. फ्रेंच नाट्यशिक्षक जाक लकॉक यांनी १९५६ मध्ये पॅरिसला नाटकाची शाळा काढली, तिथे असा मुखवटा वापरत, हे तुम्हीच सांगितलंत. ते मुळात खेळ आणि व्यायामातून नाटकाकडे आले होते, हेही. मला तेव्हा त्यातलं फारसं कळलं नव्हतं. मुखवटा लावून झोपेतून जागं व्हायचं आणि उठून उभं राहायचं, एवढंच काम होतं.

मी उठले. तुम्ही काही बोलला नाहीत. जवळ आलात आणि माझ्या उजव्या कोपराला एका बोटाने अलगद स्पर्श केलात. तेव्हा मला कळलं की माझा उजवा हात पोटाशी घट्ट धरलेला आहे, मनगट आत वळवून. दोन वर्षं मी तशीच उभी राहत होते. चेहरा झाकल्याबरोबर अंगाने सगळं सांगून टाकलं. मुखवट्याच्या आत मी रडले. तो काढायची घाई तुम्ही केली नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार.

मग हळूहळू पडणं आलं. आधी बसल्या बसल्या कुशीवर लवंडायचं, मग गुडघ्यावरून, मग उभ्याने. एक पाय मागे सरकवायचा, गुडघे मऊ ठेवायचे, श्वास सोडत खाली जायचं. आधी पोटरीची बाहेरची बाजू टेकते, मग मांडी, मग कंबरेची बाजू, मग पाठीमागून खांदा. डोकं सगळ्यांत शेवटी, दंडावर. हात टेकायचा नाही, जमिनीवरून लांब सरकू द्यायचा. धप्प आवाज हवा असेल तर तो दुसऱ्या तळहाताने काढायचा, हाडांनी नाही. "जमीन तुझ्याकडे येत नाहीये, तू तिच्याकडे जातेयस. श्वास अडकला की अंग लाकूड होतं." हे तुमचं वाक्य माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर आहे.

नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार आहेत, आंगिक म्हणजे अंगाचा, वाचिक म्हणजे वाणीचा, आहार्य म्हणजे वेषभूषेचा आणि सात्त्विक म्हणजे आतल्या भावाचा. आंगिक पहिला. आपल्याकडे मात्र अजूनही तालीम म्हणजे गोल करून बसणं आणि वाक्यं पाठ होईपर्यंत वाचणं. वाक्यावरचं हे प्रेम मलाही आहे, पण त्यापायी अंग अनाथ राहतं, असं आता ठामपणे वाटतं. आणि हे पुण्याला शोभत नाही. याच शहरात, भरत नाट्य मंदिरात, १६ डिसेंबर १९७२ ला 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला आणि माणसांची रांग डुलत डुलत भिंत झाली. तुम्ही आम्हा आठ जणांना खांद्याला खांदा लावून तसं डुलायला लावलंत, तेव्हा कळलं की ती भिंत पाठांतराने होत नाही. शेजारच्याचं वजन कधी कुठल्या पायावर जातंय ते खांद्याने ऐकावं लागतं. माझ्या उजव्या बाजूला कुणी टेकलेलं मला त्या दिवशी पहिल्यांदा चाललं.

गेल्या महिन्यात प्रयोग झाला. दुसऱ्या अंकात मी कोसळते. तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात हे मला ठाऊक होतं. पडले तेव्हा पुढच्या रांगेतून कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. ती माझी आई होती. आणि मी खाली, दंडावर डोकं टेकवून, शांत श्वास घेत पुढच्या वाक्याची वाट पाहत होते. कुठेही काही दुखत नव्हतं.

प्रयोग संपल्यावर तुम्ही विंगेत आलात, माझं मनगट हातात घेऊन अंगठ्याने दाबून बघितलंत आणि म्हणालात, "डाव्या बाजूने पडणं अजून कच्चं आहे."

आहे, ताई. रविवारी येतेय. सतरंज्या मी घालते, तुम्ही जिना सावकाश चढा.

तुमची,
उजव्या बाजूने पडणारी विद्यार्थिनी